मुलांमुळे आपल्यात काय बदलतं?

रानजाई

मुलांवर संस्कार कसे करावेत यावर आपल्याकडे ढीगभर लेख आणि व्याख्यानं आहेत. गर्भसंस्कारांपासून जी सुरुवात होते ती थेट मुलांच्या लग्नापर्यंत चालते. पण मुलांमुळे आईबाप कसे घडतात, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा धागा.

माझी लेक चौथीत आहे. सध्या तिचा 'ऑफिस ऑफिस' हा खेळ जोरात आहे. पट्टी कानाला लावायची, खांद्याने दाबून धरायची, मोकळ्या हाताने वहीत काहीतरी खरडायचं आणि म्हणायचं, "हो सर, पाठवते सर, पाचच मिनिटं द्या." मग पट्टीवर तळवा ठेवून बाहुलीला हळूच, "भाजीखालचा गॅस बारीक कर गं." सूर माझा, मान वाकडी करणंही माझंच. यातलं काहीही मी तिला शिकवलेलं नाही. जे शिकवलं, म्हणजे संध्याकाळचा परवचा, बाहेरून आल्यावर हातपाय धुणं, ते अजूनही रोज नव्याने सांगावं लागतं.

आता उलटी बाजू. शाळेत त्यांना एकदा खाऊच्या पाकिटांवरची माहिती वाचून यायला सांगितलं होतं. तेव्हापासून बिस्किटाचा पुडा आधी उलटा करून वाचल्याशिवाय आमच्याकडे घेतला जात नाही. आता साबा (सासूबाई) सुद्धा दुकानात भिंग घेऊन जातात आणि "अगं, यात साखर पहिल्या तिनात आहे" असं मलाच सांगतात. रिक्षातून उतरताना लेक "काका, थँक्यू" म्हणते. ते ऐकून ऐकून नवराही म्हणायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हे त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

तर प्रश्न असा: तुमच्याकडून नकळत मुलांकडे काय गेलं आणि मुलांकडून तुमच्यात काय आलं? आणि मूल आपल्याला बदलू पाहतं तेव्हा त्याचं किती ऐकावं?

खडीसाखर

चहा घेऊन बसलेय. वाचतेय.

मिरजकर

चांगला विषय काढलात ताई. आमच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगतो.

दादाला तंबाखूची सवय कॉलेजपासूनची. वहिनींनी सांगून झालं, डॉक्टरांनी सांगून झालं, आमच्या आईनं शपथा घालून झाल्या. पुडी आणायला नेहमी पोराला पिटाळायचा. पोरगं सहावी-सातवीत असेल. एक दिवस ते दुकानातनं रिकाम्या हातानं परत आलं. म्हणालं, "पप्पा, तिथं पाटी लावलीय, अठराच्या आतल्याला द्यायचं नाही. मी इथनं पुढं जाणार नाही." २००३ च्या कायद्यात हे आहेच, पण गावात कोण बघतंय? पोरानं मात्र ते धरून ठेवलं. रडला नाही, भाषण दिलं नाही, फक्त जायचं बंद केलं.

मग दादाला स्वतः उठून जावं लागायला लागलं. पावसाळ्यात, रात्री जेवल्यावर, चिखलातनं. आधी रात्रीची पुडी गेली, मग दुपारची. सगळं सुटायला बराच काळ गेला आणि त्यात डॉक्टरांची मदतही घ्यावी लागली. पण सुरुवात पोरानं केली हे दादा आजही चारचौघांत सांगतो. व्याख्यानानं जे झालं नाही ते पोरानं हातभार काढून घेतल्यामुळं झालं, असं माझं मत.

खडीसाखर

मिरजकर, भारी पोरगा आहे. त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा.

जुनी_वेस

मी थोडं वेगळं लिहिते, रागावू नका.

हल्ली मुलांचं ऐकण्याचं जरा जास्तच कौतुक चाललंय असं मला वाटतं. गाडी कुठल्या रंगाची घ्यायची, सुट्टीत कोकणात जायचं की केरळात, आजीला आपल्याकडे ठेवायचं की काकांकडे, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला विचारणारी घरं मी पाहिली आहेत. शेवटचा प्रश्न तर मी माझ्या कानांनी ऐकलाय. त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला तिथून उठावंसं वाटलं. 'आजीला नको' म्हणालं तर वाईट, 'हवी' म्हणालं तर आईला वाईट.

आणखी एक. नवराबायकोचं बिनसलं की "जा, तुझ्या बाबांना सांग जेवायला वाढलंय" हे घरोघरी चालतं. मूल निरोप्या होतं. पुढे तेच मूल दोघांची मनं सांभाळायला शिकतं आणि लोक म्हणतात, किती समजूतदार! आईबापांना सुधारण्याचं, सावरण्याचं काम मुलाचं नाही. ते त्याच्या अंगावर टाकू नये. मिरजकरांच्या पुतण्याचं कौतुक आहेच, पण त्या वयात बापाला नकार द्यायला त्याला काय वाटलं असेल, तेही कुणी विचारलं असेल अशी आशा करते.

बेरीजवजाबाकी

जुनी_वेस यांना अनुमोदन. निरोप्याचं अगदी पटलं. आमच्याकडे मी तो निरोप्या होतो. अजूनही घरात दोन माणसं गप्प बसली की माझ्या पोटात गोळा येतो.

पेठकर

माझा अनुभव छोटा आहे. मुलाला पहिलीत हेल्मेट घेऊन दिलं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या मुलांनाही दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आता तो माझ्या डोक्यावर हेल्मेट दिसल्याशिवाय स्कूटरवर बसतच नाही. कोपऱ्यावर दूध आणायला जायचं असलं तरी नाही. फुटपाथावर हाताची घडी घालून उभा राहतो. शेजारचे बघतात. मी गुपचूप वर जाऊन हेल्मेट घेऊन येतो.

टिकलीवाली

पेठकर, तुम्ही खरंच पुण्यातले का? :)

पेठकर

सदाशिव पेठ, आणि तरीही हेल्मेट. मुलाने इतिहास घडवलाय.

सह्यकडा

पुण्यात हेल्मेट हा विषय निघाला की...

टिकलीवाली

...शंभर प्रतिसाद नक्की. मानेला त्रास होतो, बाजूचं दिसत नाही, गल्लीत कशाला हवं, सगळं येणार आता.

अष्टविनायक_एसटी

त्रास होतोच. चुकीच्या मापाचं घेतलं की होतो. दुकानात हनुवटीचा पट्टा लावून, मान हलवून बघा. हललं तर ते हेल्मेट तुमचं नाही. आणि या विषयात आहोत तर सांगतो, अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात गाडी दिली तर त्याच कायद्यात पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आमच्या सोसायटीत दहावीतली मुलं बुलेट काढतात आणि बाप गॅलरीतून कौतुकाने बघतात. हेही पालकांकडून मुलांकडेच जातंय.

व्यवस्थापक

हेल्मेटवर बोलायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा. मूळ विषय चांगला चाललाय.

चांदणवेल

मी नाशकात शाळेत समुपदेशक आहे. दोन गोष्टी सांगावीशा वाटतात.

रानजाईच्या लेकीची पट्टी वाचून मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांचा प्रयोग आठवला. १९६१ साली त्यांनी मुलांसमोर एका मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला मारताना दाखवलं. मुलांना 'असं कर' म्हणून कुणीच सांगितलं नव्हतं. पण नंतर दुसऱ्या खोलीत तशीच बाहुली मिळाल्यावर त्यांनी तसंच मारलं, बरेचदा तेच शब्द वापरून. मूल सूचनेपेक्षा कृती उचलतं ही आपल्याला आजीने सांगितलेली गोष्ट, पण प्रयोगात ती इतकी स्वच्छ दिसली म्हणून तो गाजला.

दुसरी बाजू आली ती १९६८ मध्ये. रिचर्ड बेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विचारलं की, कडक आईबापांची मुलं हट्टी असतात असं दिसतं, तेव्हा कडकपणामुळे मूल हट्टी झालं हे आपण कशावरून ठरवतो? मूल जात्याच चिडकं असेल आणि त्यामुळे आईबाप कडक झाले असतील, असंही असू शकेल ना? तोवर अभ्यासक एकाच दिशेने बघत होते. आज हे दोन्ही बाजूंनी चालतं असंच मानतात.

माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्या अपराधी भावनेने पिचलेल्या असतात. पहिलं बाळ शांत, पाळण्यात टाकलं की झोपणारं. सगळे म्हणतात, आई काय गुणी आहे! दुसरं रात्रभर खांद्यावर. तीच आई, तेच घर, तेच अंगाईगीत. आता लोक म्हणतात, हिला जमत नाही. अहो, आई तीच आहे, पण दुसऱ्या बाळाने तिला वेगळी आई केलंय. झोप न मिळालेली बाई वेगळ्या आवाजात बोलते, तो आवाज ऐकून बाळ आणखी किरकिरतं. हे चक्र कुठूनतरी तोडायचं असतं आणि ते तोडणं मोठ्या माणसाच्याच हातात असतं. यात बाळाचा दोष नाही आणि आईचाही नाही. अशा वेळी मी आधी घरातल्या बाकीच्यांना विचारते, रात्री एक पाळी कोण घेणार?

टिकलीवाली

चांदणवेल, शेवटचं वाक्य फ्रेम करून आमच्या हॉलमध्ये लावते.

बाळंतविडा

माझं प्रश्नपत्र. मुलगा अडीच वर्षांचा. मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय घास घेत नाही. डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितलाय, आमचा तेवढा जेवणातच जातो. काय करू?

खडीसाखर

आमच्याकडे खिडकीत बसवून भरवलं. रस्त्यावरचा कचऱ्याचा ट्रक, भाजीवाला, कुत्री. पहिले काही दिवस उपाशी उठला, मी घाबरले नाही. मग भुकेने जेवायला लागला. आणि त्याच्यासोबत जेवा. नुसतं भरवू नका, तुमचं ताट पण तिथेच घ्या. त्याला तुमचा घास बघायला मिळू द्या.

जर्सीसिटी_नागपूर

आमच्याकडची गंमत. मी नागपूरची, नवरा पक्का पुणेकर, राहतो न्यू जर्सीत. मुलगा घरात इंग्रजीतच उत्तरं द्यायचा आणि त्याच्या नादाने आम्ही दोघंही एकमेकांशी इंग्रजीत बोलायला लागलो होतो. मला ते पहिल्यांदा जाणवलं ते नवऱ्याने मला "पास द सॉल्ट" म्हटलं तेव्हा. माझा वरणभात, माझं मीठ आणि इंग्रजी कशाला! मग बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळेत रविवारी पाठवायला लागलो. त्याला सोडायचं तर आम्हीही तिथेच बसायचो. गृहपाठ घ्यायचा तर घरी मराठी बोलावं लागायचं. म्हणजे शाळा त्याची, सुधारलो आम्ही.

पण खरी मराठी आली ती माझ्या आईकडून, व्हिडिओ कॉलवर. रोज रात्री आमचं जेवण आणि तिची सकाळची पूजा एका वेळी. आता तो शाळेत बाईंना सांगतो, "मी लिहून राहिलो ना!" बाई साताऱ्याच्या, त्यांना फार मजा वाटते. आणि नवरा, ज्याने लग्नानंतर माझ्या बोलण्याला किती नावं ठेवली होती, तो परवा फोनवर त्याच्या आईला म्हणाला, "हो, येऊन राहिलो." सासूबाई दोन मिनिटं गप्पच.

मिरजकर

हसून हसून पुरेवाट. वऱ्हाडानं पुणं जिंकलं.

सह्यकडा

रात्रीची भांडी मी घासतो. बायको दिवसभर दवाखान्यात असते, परत येते तेव्हा थकलेली असते, यात विशेष काही नाही. मुलगा पाच-सहा वर्षांचा असल्यापासून शेजारी स्टुलावर उभा राहून चमचे धुतो. आता आठवीत आहे.

मित्राकडे जेवायला गेला, जेवण झाल्यावर सवयीने ताट उचलून मोरीकडे निघाला. मित्राची आजी म्हणाली, "राहू दे रे, मुलगा ना तू!" तो म्हणाला, "आजी, आमच्याकडे बाबाच घासतात." त्या आजी नंतर माझ्या बायकोला भाजीबाजारात भेटल्या आणि विचारलं, सगळं बरं आहे ना घरी?

गावी सिन्नरला गेल्यावर आणखी पुढची गोष्ट झाली. माझे वडील आयुष्यभर पाटावर बसून 'पाणी' एवढंच म्हणणारे. मुलाने आजीकडून भाकरी थापायला शिकायचं ठरवलं. परातीत पिठाचा गोळा, हाताला पाणी लावून लावून थापतोय, कडा फाटतायत, आजी बोटाने कडा सांधून देतेय. तव्यावर टाकताना निम्मी बाहेर. वडील बघत होते. दुसऱ्या दिवशी मुलगा चुलीपाशी बसला तेव्हा वडील उठले, माठातून स्वतःचं पाणी घेतलं आणि एक पेला आईसमोर नेऊन ठेवला. आई काही बोलली नाही, पण त्या दिवशी तिने पिठलं जरा जास्तच चांगलं केलं असं मला वाटलं. मी वडिलांना वर्षानुवर्षं सांगून जे झालं नाही ते नातवाने न सांगता केलं. एक पिढी ओलांडून गोष्ट सहज पोचते, असं माझं निरीक्षण आहे.

चांदणवेल

सह्यकडा, तुमच्या निरीक्षणाला जवळचा एक अभ्यास आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनारी भागात काही शाळांमध्ये मुलांना हवामानबदल शिकवला आणि मुलांनी घरी आईबापांच्या मुलाखती घेतल्या. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांची मुलं हे शिकली त्या पालकांची या विषयाबद्दलची काळजी वाढली. सगळ्यात जास्त फरक पडला तो वडिलांमध्ये आणि राजकीयदृष्ट्या पुराणमतवादी पालकांमध्ये. आणि मुलींचा प्रभाव मुलांपेक्षा जास्त होता. मोठी माणसं एकमेकांशी या विषयावर बोलली की पक्ष घेऊन भांडतात, मुलांसमोर ती ऐकतात.

आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शाळांमधून फटाकेमुक्त दिवाळीचा संकल्प मुलांकडून घेतला, त्यामागे माझ्या मते हेच होतं. बापाला 'फटाके नको' सांगणारा कार्यकर्ता नको असतो. लेकीने सांगितलं की तो थांबतो.

मोसंबी

मी इथे सगळ्यात लहान असेन, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव जालना जिल्ह्यात. मुलांच्या बाजूने लिहू का?

पप्पा सातवी शिकलेले. घरात पहिला स्मार्टफोन आला तेव्हापासून सगळं माझ्याकडे. ऑनलाइन सातबारा काढणं, पीक विम्याचा फॉर्म, बँकेचा मेसेज वाचून दाखवणं, खतवाल्याला यूपीआयने पैसे पाठवणं. बाजार समितीत मोसंबीला काय भाव चाललाय हे मी सकाळी बघून सांगणार, मग पप्पा ठरवणार तोड करायची की थांबायचं. एकदा तहसीलला गेलो तर कारकून पप्पांशी बोलत होता आणि पप्पा म्हणाले, "साहेब, पोरीला विचारा, तिला माहीत आहे." पप्पांच्या तोंडून असं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आमच्या भावकीत मुलींना बारावीनंतर पुढे शिकवत नाहीत. माझ्यासाठी पण स्थळं यायला लागली होती. पप्पाच आत्याला म्हणाले, हिला संभाजीनगरला पाठवतो, ही गेल्यावर माझे कागद कोण बघेल ते मी बघून घेईन. ते माझ्या भाषणामुळे झालं नाही, त्या सातबाऱ्यांमुळे झालं.

पण जुनी_वेस मावशींचं पण मला पटतं. मी आता होस्टेलला आहे आणि रोज फोन असतो. ओटीपी आला, काय करू? बँकेने हे काय पाठवलं? प्रॅक्टिकल चालू असताना पण. बागेवर किती कर्ज आहे, कुणाचं देणं राहिलं, हे सगळं मला आकड्यात माहीत आहे. माझ्या रूममेटला तिच्या वडिलांचा पगारही माहीत नाही. कधी कधी वाटतं, मला पण माहीत नसतं तर बरं झालं असतं.

बेरीजवजाबाकी

मोसंबी, तू या धाग्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंस. धन्यवाद.

जुनी_वेस

मोसंबी, बाळा, तुझा प्रतिसाद तीनदा वाचला.

मी वर लिहिलं त्यातला एक शब्दही मागे घेत नाही, पण तुझ्यामुळे आईची आठवण झाली, ती सांगते. माझी आई शाळेत गेलेली नव्हती. पण पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ. तिच्या वडिलांचं वाण्याचं दुकान होतं, तिथे ऐकून ऐकून शिकलेली. मी पहिलीत गेले १९६१ साली. मी पाटीवर अ, आ गिरवायची, ती शेजारी धान्य निवडत बसायची आणि सुपातल्या तांदळावर बोटाने तेच काढायची. मला गणित येत नसे. ती म्हणायची, तू मला तुझं अक्षर दाखव, मी तुला हिशेब सांगते. मी चौथीत जाईपर्यंत तिला पेपरातली मोठी अक्षरं वाचता यायला लागली होती आणि माझं गणित वर्गात पहिलं आलं.

तुझ्या गोष्टीत आणि माझ्या गोष्टीत फरक एवढाच की आई शिकली. मी वाचून दाखवत राहिले असते तर ती कायम माझ्यावर अवलंबून राहिली असती. तू पप्पांचं काम करतेस, त्यांना ते काम शिकव. त्यांना सातवीपर्यंत वाचता येतं, म्हणजे पाया आहेच. आणि कर्जाबद्दल त्यांना एकदा सरळ सांग की हे ऐकून तुला झोप येत नाही. ते समजून घेतील. ज्या माणसाने कारकुनासमोर तुझं नाव घेतलं तो हे पण ऐकेल.

रानजाई

धागा कुठून कुठे गेला आणि किती छान गेला! सगळ्यांचे मनापासून आभार.

मी विचारलं होतं, मुलाचं किती ऐकावं. तुमचे प्रतिसाद वाचून माझ्यापुरतं मला असं वाटतं की, मूल स्वतः जे करतं त्यातून आपण बदललो तर त्याला ओझं होत नाही. चमचे धुणं, भाकरी थापणं, हेल्मेटशिवाय न बसणं, पुडी आणायला न जाणं. पण आपली काळजी, आपली भांडणं, आपले निर्णय त्याच्याकडे सोपवले की तिथे त्याचं बालपण खर्ची पडतं. मिरजकरांचा पुतण्या यात नेमका मध्ये बसतो, म्हणून जुनी_वेस यांचा प्रश्न मला अजून सतावतोय. मिरजकर, त्याला विचारून सांगाल?

मिरजकर

कालच फोन केला. आता इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "काका, त्या दिवशी दुकानापासनं घरापर्यंत पाय लटलटत होते. पण आई दारात उभी होती. तिनं पप्पांना सांगितलं, मीच त्याला नको म्हणाले." म्हणजे वहिनींनी सगळा राग स्वतःवर घेतला होता. हे आम्हा बाकी कुणालाच माहीत नव्हतं.

जुनी_वेस

मग माझं काही म्हणणं नाही. वहिनींना नमस्कार सांगा.

मोसंबी

मावशी, रविवारी घरी जातेय. पप्पांच्या फोनमधली अक्षरं मोठी करणार आणि वीजबिल त्यांच्याकडूनच भरून घेणार, मी फक्त शेजारी बसणार. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, मलाही नाही, हे पहिलं शिकवणार. कर्जाचं मम्मीशी आधी बोलते.

चांदणवेल

उत्तम. पहिल्यांदा छोटी रक्कम. चुकलं तरी हातातून फोन काढून घेऊ नकोस.

पेठकर

हेल्मेटचा वेगळा धागा काढला आहे. एव्हाना तिकडे चाळीस प्रतिसाद झालेत. अष्टविनायक_एसटी, मापाबद्दलचं तिकडेही लिहा.